राजीखुशीने व अक्कलहुशारीने

आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, अख्ख्या जन्मात अप्पांचं नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, पण ते ऐकायला मी नव्हते. एरवी आमच्याशी बोलताना "तुमचे अप्पा", परक्यांशी बोलताना "आमचे मालक", आणि चिडली असेल तर नुसतं "तेनी". मतदार यादीवाला दारात आला की ती घरात तोंड करून मला हाक मारायची, "ये गं हिकडं, ह्यांना नाव सांग." अप्पा गेल्यावरही तेच चालू राहिलं.

मला ह्या गोष्टीचं कौतुक कधीच नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं मानणाऱ्या बाईच्या पोटी मी जन्मले, ह्याची मला थोडी लाजच वाटायची. आणि अप्पांचं आयुष्य तर संपलेलंच होतं, आता त्यातलं काय कमी होणार होतं? हे मी तिला एकदा विचारलं सुद्धा. ती म्हणाली, "तू भाकरीकडं बघ, करपाय लागली."

घरातल्या घरात होतं तोवर ठीक होतं. ते रजिस्ट्री ऑफिसात गेलं आणि माझं डोकं फिरलं.

त्याचं मूळ शेतात होतं. अक्कलकोटच्या अलीकडे आमचं थोडं रान आहे. अप्पांनी घेतानाच ते अव्वाच्या नावावर घेतलं, त्यामुळे सातबाऱ्यावर ती एकटी. बांधाला लागून ज्याचं रान आहे तो गृहस्थ दर वर्षी नांगरताना एखादं तास, म्हणजे नांगराची एखादी ओळ, आमच्या हद्दीत सरकवायचा. दिसायला गरीब गाय, रामराम घालायला पहिला. आमचं रान मात्र धुऊन आटलेल्या सदऱ्यासारखं वर्षावर्षाला आखडत चाललेलं. शेवटी मोजणीचा अर्ज केला. तिथून तारखा सुरू झाल्या. कधी मोजणीदार रजेवर, कधी मशीन दुसऱ्या तालुक्यात, कधी शेजारीच गैरहजर. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मला माहीत होतं. पण दर तारखेला "मालक कुठायत?" हा प्रश्न ठरलेला, आणि मालकीणबाईंचे गुडघे असे की अंगणातल्या तुळशीपर्यंत जायलाही भिंतीचा आधार लागायचा.

मग सल्ले आले. आमच्या गल्लीत सल्ला मागावा लागत नाही, तो दार उघडं दिसलं की आत येतो. एक म्हणाले, साध्या कागदावर सही घ्या आणि नोटरी मारा. दुसऱ्या म्हणाल्या, मृत्युपत्रच करून टाका म्हणजे झंझट मिटली. जिवंत बाईच्या मोजणीला मृत्युपत्र कशाला, असं मी विचारलं तर त्या दुखावल्या. समोरचे निवृत्त हेडक्लार्क रोज पेपर परत करायला यायचे आणि रोज म्हणायचे, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." काय करावं ते मात्र कधी सांगायचे नाहीत.

ह्या सगळ्यांवर ताण म्हणजे माझा भाऊ. तो पुण्याला असतो आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत आहे. त्यानं फोनवर सांगितलं, "कुलमुखत्यारपत्र करू. फॉरमॅट आहे माझ्याकडं." दुसऱ्या दिवशी तो फॉरमॅट माझ्या मोबाइलवर आला. सुरुवात छान होती: "मी खाली सही करणार, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देते की..." त्यापुढे अव्वानं त्याला काय काय देऊन टाकलं होतं! मिळकत विकण्याचा अधिकार, गहाण ठेवण्याचा, बक्षीस देण्याचा, बँकेतली खाती चालवण्याचा. कोणा मित्राच्या फ्लॅटसाठी केलेला कागद त्यानं जसाच्या तसा उचलला होता. शेवटी मिळकतीचं वर्णन होतं आणि त्यात आमचं ज्वारीचं रान "लिफ्ट व पार्किंगसह" लिहिलेलं होतं.

माझा भाऊ लबाड नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. तो आळशी आहे. त्यानं वाचलंच नव्हतं. "अगं, स्टँडर्ड असतंय ते," एवढंच त्याचं म्हणणं. लबाड माणसापासून निदान आपण सावध तरी राहतो.

मी तो कागद घेऊन एका वकिलीणबाईंकडे गेले. माझीच विद्यार्थिनी, शाळेत फार बोलते म्हणून मी तिला बाकावर उभी करायची. आता त्याच बोलण्यावर तिचं बरं चाललेलं दिसलं. तिनं कागद वाचला, लिफ्टपाशी हसली आणि मग गंभीर झाली.

"बाई, कुल म्हणजे सगळं. हा कागद झाला की आजींच्या नावावरचं काहीही त्यांना न विचारता दुसऱ्याला हलवता येईल. तुम्हाला हवंय काय? मोजणीला हजर राहणं, अर्ज करणं, सह्या करणं. मग तेवढंच द्या. त्याला विशेष मुखत्यारपत्र म्हणतात. काम लिहायचं, गट नंबर लिहायचा, विषय संपला. आणि आजींना वाटलं की नको, तर त्या ते कधीही रद्द करू शकतात, हे त्यांना आधी सांगायचं."

"आणि उद्या तिला काही कळेनासं झालं तर? तेव्हा तरी हा कागद कामाला येईल ना?"

"तेव्हाच येत नाही, बाई. देणाऱ्याला कळतंय तोवर मुखत्यार. त्याची समज गेली की कागदाचा जीव गेला. मग कोर्टात जाऊन पालक नेमून घ्यायचा."

म्हणजे तब्येत ठणठणीत आहे तोवरच लागू पडणारं औषध हे. म्हातारा माणूस खऱ्या अर्थानं आपल्यावर अवलंबून होतो त्याच दिवशी कायदा हात वर करतो. हे मी तिला चांगल्या चढ्या आवाजात सांगितलं, जणू कायदा तिनंच केला होता. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. शाळेत तिला हे जमत नव्हतं.

"आणि समज गेली हे ठरवायचं कुणी?" मी विचारलं.

"कागद वापरणाऱ्यानं. रोज जवळ असतो त्याला पहिल्यांदा कळतं. दुर्दैवानं बरेच जण कळूनही वापरत राहतात."

पुढच्या रविवारी ती आमच्या घरी आली आणि पहिलं काम काय केलं, तर मला आणि भावाला बाहेर काढलं. "आजींशी मला एकटीला बोलायचंय." भाऊ खास पुण्याहून गाडी चालवत आला होता. त्याला ते झोंबलं. आम्ही दोघं दारातल्या कट्ट्यावर पन्नाशी ओलांडलेल्या, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे बसलो. "तिला काय कळतंय त्यातलं?" असं तो दोनदा म्हणाला. मला राग आला. पण खरं सांगायचं तर मीही अव्वाला अजून काही विचारलं नव्हतं. आम्ही दोघं तिच्यावरून भांडत होतो आणि ती आत ज्वारी निवडत होती.

आत बोलावलं तेव्हा सगळं ठरलेलं होतं. अव्वा भावाला म्हणाली, "तू ऱ्हातोस पुण्याला. तारखेला कोण येणार हाय? हीच की. हिलाच दे म्हणलं. मोजणीपुरतं. इकायचं बिकायचं काय न्हाय त्यात." मग माझ्याकडे वळली. "आन् तू तितं कुणाशी भांडू नगंस."

भाऊ म्हणाला, "तुला माझ्यावर विश्वास न्हाय?"

"हाय की. लई हाय. पर विश्वासाला बांधावर उभं ऱ्हाता येत न्हाय."

झालं. कागद तयार झाला, तारीख मिळाली आणि आम्ही अव्वाला घेऊन रजिस्ट्री ऑफिसला गेलो. म्हाताऱ्या माणसांचे बहुतेक कागद जिथे होतात ते ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लिफ्ट होती ती आमच्या शेतात. भावानं आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं. वर गेल्यावर कळलं की सर्व्हर बंद आहे. अव्वा बाकावर पदर सावरून बसून राहिली. शेजारी एक नवरदेवासारखा नटलेला माणूस दुकानाचा करार करायला आला होता. त्याची तिनं गाव, पाव्हणे, सोयरीक अशी सगळी चौकशी केली. ती अगदी मजेत होती. मीच धुमसत होते.

सर्व्हर आला, आमचा नंबर लागला. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, "आजी, कशाचा कागद करताय?" अव्वा म्हणाली, "मोजणीचा. पोरीला तितं हुबं ऱ्हायाला." "कुणी जबरदस्ती केली का?" "मला कोण करतंय?" साहेब हसले. सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्यांनी समोरच्या कागदावर नजर ठेवून, सहज, पाणी मागावं तसं विचारलं, "मालकांचं नाव काय, आजी?"

अव्वानं खाली पाहिलं.

"आजी? तुमच्या मिस्टरांचं नाव?"

तिनं पदर आणखी पुढे ओढला. मी म्हणाले, "साहेब, ती नाव घेत नाही." साहेब म्हणाले, "तुम्ही बोलू नका, त्यांना बोलू द्या." त्यांचंही बरोबरच होतं. भाऊ मागून कुजबुजला, "अव्वा, सांग की अप्पांचं नाव. एकदाच." अव्वा हळूच म्हणाली, "हाय की तितं लिवल्यालं."

"लिहिलेलं आहे, पण तुम्हाला आठवतंय का?"

ती गप्प. रांगेतले लोक माना वाकड्या करून बघायला लागले. तो दुकानवाला सुद्धा. बरोबर आलेल्या वकिलीणबाईंनी साहेबांना समजावून पाहिलं, पण साहेबांचा चेहरा बदलला होता. ते तिच्याशी बोलायचे थांबले आणि आमच्याशी बोलायला लागले. "ह्यांना आठवत नाही असं दिसतंय. उद्या कुणी तक्रार केली तर मी अडचणीत येईन. डॉक्टरांचा दाखला आणा, मग बघू."

एका क्षणात माझी आई त्या खोलीत असून नसल्यासारखी झाली. ते मला अजून सलतं. पण त्या वेळी माझा सगळा राग तिच्यावरच निघाला. गाडीत बसल्या बसल्या मी सुरू झाले. तीन अक्षरं! तीन अक्षरांसाठी अख्खा दिवस गेला, तारीख गेली, गुडघे सुजले. लोक तुला वेडी समजले, कळतंय का तुला? भाऊही बोलून घेत होता. "नाव घेतलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?"

अव्वा खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "तेनी हुते तवा कदी घेतलं न्हाय. आता त्या गर्दीत घेऊ व्हय?"

"मग उखाण्यात घ्यायचं!" भाऊ म्हणाला.

"उखाणा लग्नात घेत्यात. कचेरीत न्हाय." आणि मग आमच्याकडे न बघता, "साकु आता," म्हणाली. कानडीत साकु म्हणजे पुरे. घरात अव्वा कानडीवर आली की बोलणं संपलं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. ती भराभर उतरत गेली आणि मध्येच थांबून म्हणाली, "तुमी बी करा की, बघू." दाखला मिळाला. दरम्यान वकिलीणबाईंनी नवी वाट काढली. म्हातारं किंवा आजारी माणूस ऑफिसात येऊ शकत नसेल तर अर्ज केल्यावर साहेब घरी येऊन कागद नोंदवतात. त्याला गृहभेट म्हणतात. हे आधी का सांगितलं नाहीस, म्हणून मी तिच्यावरही चिडले. ती म्हणाली, "बाई, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा कायद्यावर ओरडत होता."

साहेब उन्हातान्हात आले. अव्वानं त्यांना ताक दिलं. ते बसले तिथून समोरच्याच भिंतीवर अप्पांचा फोटो दिसत होता, हार घातलेला, खाली नाव लिहिलेलं. कागद वाचून झाला, अव्वानं तो आपल्या शब्दांत सांगितला, बोट धरून दाखवावं तसा. आणि मग साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी डोळे मिटून घेतले.

अव्वानं नुसता हात वर केला आणि फोटोकडे बोट दाखवलं.

साहेब उठले, फोटोजवळ गेले, खालचं नाव मोठ्यानं वाचलं. "हेच का, आजी?"

"व्हय," अव्वा म्हणाली, आणि लाजली. खरंच लाजली.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुमच्या आजीला जाऊन इचारा."

साहेब मोठ्यानं हसले. "माझी आजी पण कधी घेत नव्हती." मग त्या दिवशी हे का सुचलं नाही, भल्या माणसा, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण अव्वानं भांडू नकोस म्हणून बजावलं होतं. अंगठा झाला, फोटो झाला आणि मी माझ्या आईची मुखत्यार झाले.

त्यानंतर मी तारखांना जात राहिले. कागद पर्समध्ये, डोक्याला रुमाल, बांधावर उभी. शेजारी दर वेळी रामराम घालायचा. मोजणी काही होत नव्हती, पण "मालक कुठायत?" म्हटलं की मी कागद पुढे करायचे आणि समोरचा गप्प बसायचा, ह्याचं मला समाधान होतं.

घरी अव्वा एकेक गोष्ट विसरायला लागली होती. आमटीत मीठ दोनदा, गॅस चालू, चष्मा ज्वारीच्या डब्यात. मी म्हणायची, वय आहे. माझाही चष्मा सापडत नाही. भाऊ म्हणायचा, वय आहे. हेडक्लार्क पेपर परत करताना म्हणायचे, वय आहे. सगळ्यांचं एकमत असलेली आमच्या गल्लीतली ही पहिलीच गोष्ट.

मग एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. दोन दिवसांवर मोजणीची तारीख होती, आणि ह्या खेपेला मोजणीदार स्वतः फोन करून "येतोय" म्हणाला होता. आतून अव्वाची हाक ऐकू आली. चांगली खणखणीत.

तिनं अप्पांचं नाव घेतलं.

नुसतं नाव. मागेपुढे काही नाही. पोराला खेळातून घरी बोलवावं तसं. "ये की, चा गार व्हायला लागलाय!" मी धावत आत गेले. ती स्वयंपाकघरात दोन कप भरून बसली होती. माझ्याकडे बघून छान हसली आणि दाराकडे तोंड करून पुन्हा तेच नाव. चेहऱ्यावर संकोच नाही, पदराला हात नाही. रजिस्ट्री ऑफिसात मी देवाला हात जोडून जे मागत होते ते हेच होतं. हे एकदा ऐकायला मिळावं म्हणून मी गाडीत तिच्यावर ओरडले होते. आता ती दहादा घ्यायला तयार होती, आणि मला तिचं तोंड हातानं बंद करावंसं वाटलं.

मला रडू आलं नाही. राग आला. कुणाचा ते अजून ठरवता आलेलं नाही.

वकिलीणबाईंना फोन केला. ती म्हणाली, "आधी डॉक्टरांना दाखवा. पण बाई, तुम्हाला जर कळलं असेल, तर तो कागद आता बाहेर काढू नका." म्हणजे मोजणी पुन्हा पुढे, कोर्टात अर्ज, वकील, डॉक्टर, तारखा, आणि तोवर शेजाऱ्याच्या नांगराला मोकळं रान.

भावाला फोन केला. तो म्हणाला, परवा जाऊन ये, कुणाला काय कळतंय? मी म्हणाले, मला कळतंय. तो वैतागला. "अगं, पण झालं काय? अप्पांचं नावच घेतलं ना तिनं? त्या दिवशी घेत नव्हती म्हणून आपणच बोंब मारत होतो. उलट सुधारली म्हण की!"

मी त्याला झाडायला तोंड उघडलं. चांगले ठेवणीतले शब्द होते माझ्याकडे. तेवढ्यात आतून पुन्हा हाक आली, आता जरा घाबरलेली, कुणी येत का नाही म्हणून. मी फोन खाली ठेवला.

"ओ, आलो," अप्पांसारखं म्हणाले, आणि आत जाऊन दुसऱ्या कपासमोर बसले.